पातळ तंगूस, लहान गरी : ट्राउटबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी लिहिले होते की पाणी गार झाले, आता कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या पूर्वेला, म्हणजे ईस्ट बेच्या तलावांत ट्राउट (गार, गोड्या पाण्यातला मासा) सोडायला लागतील. त्यावर बरीच पत्रे आली, आणि बहुतेक पत्रे कधीच गळ हातात न धरलेल्यांची आहेत. त्याचा मला मनापासून आनंद झाला. जागेपुरती निवडक घेतो.

फ्रीमॉन्टहून एक वाचक लिहितात : आम्ही दोघे आणि नऊ व बारा वर्षांची दोन मुले, चौघेही नवखे. दुकानात नऊ फुटी दांडा आणि जाड दोरीचे रीळ दाखवले. "यावर सगळे मासे येतात," असे सांगितले. घ्यावे का?

नका घेऊ. तो दांडा समुद्राच्या लाटांवर गळ टाकण्यासाठी ठीक आहे. तलावात सोडलेला ट्राउट बहुतेक वेळा वीतभर ते हातभर, अर्धा किलोच्या आतबाहेरचा असतो. त्याचे तोंड मऊ, नजर तीक्ष्ण आणि पाणी बऱ्याचदा नितळ. जाड दोरी त्याला दिसते, आणि ताठ दांड्यावर त्याने आमिष चोखलेले तुम्हाला कळतच नाही.

सहा ते साडेसहा फुटी हलका दांडा घ्या. मुठीच्या वर बारीक अक्षरांत दोन आकडे छापलेले असतात, ते वाचूनच पैसे द्या : दोरी २ ते ६ पौंड, आणि फेकायचे वजन १/१६ ते १/४ औंस, म्हणजे सुमारे २ ते ७ ग्रॅम. स्पिनिंग रीळ १००० किंवा २००० क्रमांकाचे. त्यावर ४ पौंडी साधा नायलॉनचा तंगूस, म्हणजे साधारण पावणेदोन किलोच्या ओढीला तुटणारा. विणलेली दोरी सध्या दुकानात पुढे केली जाते, पण नवख्याच्या हातात ती वाऱ्यावर गुंतते आणि साध्या गाठीत निसटते. पहिला मोसम नायलॉनवर काढा. तंगूस रिळाच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर खाली राहील इतका भरा. कमी भरला तर लांब जात नाही, काठोकाठ भरला तर वेटोळी सुटून पडतात. दांडा आणि रीळ मिळून पन्नासेक डॉलरमध्ये चांगली जोडी येते. दोन मुलांना दोन वेगळ्या जोड्या घ्या, एकावर भागवायला जाऊ नका. पाण्याकाठी पाळी लावली की दोघांचाही जीव त्यातून जातो.

दोन सवयी पहिल्या दिवशीच लावा. फेकून झाल्यावर रिळाची तारेची कमान हाताने मिटवायची, मूठ फिरवून नाही; तंगूस पिळवटण्याचे निम्मे कारण तिथेच असते. आणि ड्रॅग, म्हणजे किती ओढीला रीळ सुटावे हे ठरवणारा रिळाचा ब्रेक, घरीच बसवायचा. अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली तंगुसाला बांधा आणि दांड्याने उचला. बाटली उचलताना रीळ जेमतेम कुरकुरत सुटायला लागले, की ड्रॅग जमला. मासा ओढेल तेव्हा तंगूस सुटत जाईल, तुटणार नाही.

रत्नागिरीला भाट्याच्या खाडीवर आम्ही पोरे बाटलीला तंगूस गुंडाळून गरवायला बसायचो. दांडा नव्हताच, माशाची हालचाल थेट बोटाला कळायची. हलका दांडा म्हणजे त्या बोटाची लांबी वाढवणे. म्हणून मी "हलके, हलके" असा हट्ट धरतो.

प्लेझंटनहून : डेल व्हॅले तलावावर सकाळभर गरीला आमिषाचे पीठ लावून बसतो. शेजारचे आजोबा पाच मासे घेऊन जातात आणि मी नुसता बसून असतो. पिठाचे सगळे रंग आणून झाले. काय चुकते?

रंग सोडून द्या. तुमचे पीठ मासा जिथे आहे त्या उंचीवर नाही, मला तरी पत्रावरून तेच दिसते. तुम्ही गोळी गरीवर लावून वर शिशाचे मणी चिमटल्याचे लिहिले आहे. त्यामुळे गोळी तळाच्या गवतात जाऊन बसते, आणि ट्राउट गवतात तोंड घालणारा मासा नाही. तो तळापासून थोडा वर फिरतो.

बाजारातले ट्राउटचे पीठ पाण्यावर तरंगावे असेच बनवलेले असते. त्याचा फायदा घ्या. मुख्य तंगुसात आधी आरपार भोकाचे ७ ग्रॅमचे शिसे ओवा, मग एक प्लॅस्टिकचा मणी, मग छोटे स्विव्हल (दोन्ही टोके स्वतंत्र फिरणारी कडी) बांधा. स्विव्हलच्या दुसऱ्या टोकाला दोन ते चार पौंडी फ्लुरोकार्बनचा तुकडा, दीड ते तीन फूट, आणि त्याच्या टोकाला गरी. शिसे तळाला बसते, स्विव्हल त्यापाशी अडते, आणि गोळी त्या तुकड्याच्या लांबीइतकी वर तरंगत राहते. गवत उंच असेल तर तुकडा लांब करा. मासा लागत नसेल तर आधी हा तुकडा बदलायचा, रंग सगळ्यात शेवटी. शेजारच्या आजोबांना विचाराच की त्यांचा तुकडा किती लांब आहे. पाण्याकाठची म्हातारी माणसे आपणहून बोलत नाहीत, पण नीट विचारले तर हात धरून दाखवतात.

गरी लहान हवी. पिठासाठी १६ क्रमांकाची तिकडी गरी किंवा १४ ची एकेरी. इथे क्रमांक वाढला की गरी लहान होते, हे नवख्यांना कोणी सांगत नाही. गोळी मटाराच्या दाण्याएवढी, गरीचे टोक दिसणार नाही अशी. टाकण्याआधी काठाच्या उथळ पाण्यात सोडून बघा : गरीसकट वर आली तर टाका, बुडाली तर गरी मोठी आहे किंवा गोळी लहान. एवढी तपासणी केली तरी तुमचे निम्मे काम झाले.

आता चावा. शिसे तळाला बसले की ढिला तंगूस गुंडाळून घ्या आणि कमान उघडी ठेवा, तंगूस बोटाखाली हलकेच धरा. ट्राउट गोळी तोंडात घेऊन चालू पडतो. तंगूस शिशाच्या भोकातून सरकतो, त्यामुळे त्याला वजन लागत नाही. तंगूस सलग सरकायला लागला की कमान मिटवा, ताण येईपर्यंत गुंडाळा आणि दांडा शांतपणे उचला. जोरात हिसका दिला की मऊ ओठ फाटतो. दांडा टेकवून गाडीत जाऊन बसू नका. माणूस दांड्यापाशी हवा, असा इथला कायदाही आहे.

जागेचेही सांगतो. डेल व्हॅले जवळजवळ पाच मैल लांब आहे आणि तुम्ही पार्किंगसमोरच बसता. वारा ज्या काठाकडे वाहतो तिथे खाणे जमा होते, मासा मागोमाग येतो. अर्ध्या तासात हालचाल नाही तर उठा. नुकतेच सोडलेले मासे काही दिवस काठाजवळ थव्याने फिरतात. त्यांना हॅचरीतल्या (मासे वाढवायच्या केंद्रातल्या) दाणेखाद्याची सवय असते, म्हणून वासाचे पीठ त्यांना चालते. महिनाभर तग धरलेला मासा मात्र किडे-अळ्या खायला शिकलेला असतो. त्याला अर्धे गांडूळ ८ किंवा १० क्रमांकाच्या गरीवर द्या. गांडूळ बुडते, म्हणून हवा भरायच्या सुईच्या बाटलीने त्यात थोडी हवा सोडतात. सुई धरताना गांडूळ बोटावर ठेवू नका, फळीवर ठेवा. आणि शिशाचे मणी दाताने चिमटू नका, पक्कड वापरा. मुले आपले पाहूनच शिकतात.

सनीव्हेलहून : आईबाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेत. बाबांना तलावावर नेले तर त्यांनाही परवाना लागेल?

लागेल. १६ वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला राज्याचा परवाना हवा, पाहुण्यालाही. एक दिवसाचा, दोन दिवसांचा आणि बाहेरून आलेल्यांसाठी दहा दिवसांचा असे छोटे परवाने मिळतात. राज्य वर्षातून दोन दिवस सर्वांना परवान्याशिवाय गळ टाकू देते, ते तारखा पाहून साधता आले तर उत्तम. ईस्ट बे प्रादेशिक उद्यानांच्या तलावांवर राज्याच्या परवान्याशिवाय त्यांचा स्वतःचा रोजचा परवानाही घ्यावा लागतो, तो विसरू नका. वार्षिक परवाना २०२३ पासून खरेदीच्या दिवसापासून ३६५ दिवस चालतो, त्यामुळे डिसेंबरात घेतला तरी वाया जात नाही. बाबांना नुसते बसून बघायचे असेल तर काहीच नको. पण दांडा त्यांच्या हातात दिलात तर परवाना पाहिजे.

कुपर्टिनोहून एक तेरा वर्षांचा वाचक : काका, मला मासे पकडून परत सोडायचे आहेत. आई म्हणते सोडलेला मासा मरतोच, मग कशाला? आणि रेनबो ट्राउट इथलाच आहे की बाहेरून आणलेला?

बाळा, आईचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि ते कोणते अर्धे हे समजून घेतलेस तर तू चांगला गरवणारा होशील.

पीठ किंवा गांडूळ ट्राउट गिळतो. गरी घशात, कधी कल्ल्यांपाशी जाते. तिथून रक्त येणारा मासा तू प्रेमाने सोडलास तरी वाचण्याची खात्री नसते. लोखंडी पाते फिरणारा स्पिनर तो गिळत नाही, त्यावर झडप घालतो, म्हणून गरी बहुतेक वेळा ओठात लागते. तेव्हा माझा नियम असा आहे आणि तुलाही तोच सांगतो : आमिष लावले की घरी न्यायचे, मर्यादेपुरतेच न्यायचे आणि थांबायचे. तलावांवर ती साधारण दिवसाला पाच माशांची असते, पण त्या त्या पाण्याचा नियम आधी बघ. सोडायचेच असेल तर आमिष नको. १/१६ औंसाचा स्पिनर, तिकडी गरी काढून एकेरी बसवलेली, आणि गरीचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट केलेला.

सोडतानाही रीत आहे. हात आधी पाण्यात भिजव. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याला रोगांपासून जपतो, कोरड्या हाताने तो निघतो. मासा पाण्याबाहेर काढूच नको. पक्कडीने गरी धर, उलटी फिरव, तो स्वतः निघून जाईल. फोटो पाण्यातच काढ. कल्ल्यांत बोट घालायचे नाही, पोट दाबायचे नाही. चुकून गरी खोल गेली तर ओढू नको, तंगूस तोंडाजवळ काप. आणि पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर गेले असेल त्या दिवशी ट्राउटच्या मागे लागू नको. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो, झुंजून दमलेला मासा सावरत नाही. म्हणूनच इथल्या तलावांत ट्राउट थंडीत सोडतात आणि उन्हाळ्यात कॅटफिश.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाने मला फार बरे वाटले. रेनबो ट्राउट अगदी इथलाच, पॅसिफिकच्या काठचा. कॅलिफोर्नियाच्या उत्तरेला मॅकक्लाउड नदी आहे. तिथे १८७२ साली लिव्हिंग्स्टन स्टोन नावाच्या माणसाने अमेरिकन सरकारसाठी सामनची अंडी गोळा करायचे केंद्र उभारले, आणि १८७९ मध्ये त्याच नदीवर ट्राउटचे. तिथून रेनबोची अंडी देशात दूरदूर गेली. त्या जुन्या केंद्राची जागा आता शास्ता धरणाच्या पाण्याखाली आहे.

आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेव. हाच रेनबो काही ओढ्यांतून समुद्रात जातो, मोठा होतो आणि अंडी घालायला परत येतो, तेव्हा त्याला स्टीलहेड म्हणतात. आपल्या भागातल्या ओढ्यांतला स्टीलहेड १९९७ पासून अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कायद्याने संरक्षित आहे. फ्रीमॉन्टजवळच्या अलामेडा क्रीकमध्ये तो परत यावा म्हणून माणसे अनेक वर्षे खपत आहेत. सायकलवरून जाताना ओढ्यात चमकता मासा दिसला, तर पूल ओलांडून पुढे जा. तुझा गळ तलावासाठी.

फॉलसमहून : आम्ही मित्र वसंतात ईस्टर्न सिएराला, म्हणजे सिएरा नेवाडा पर्वताच्या पूर्व अंगाला जाणार. ओढ्यात स्पिनर कसा चालवायचा? आमचा अनुभव फक्त तलावाचा.

ओढ्यात मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, खाणे वरून वाहत येते म्हणून. त्यामुळे तुम्ही त्याच्या मागून, खालच्या बाजूने वर चालत जा. स्पिनर वरच्या अंगाला तिरका टाका आणि पाण्याच्या वेगापेक्षा किंचित जास्त वेगाने गुंडाळा. पात्याची थरथर दांड्यात जाणवली पाहिजे; ती थांबली म्हणजे स्पिनर नुसता वाहतो आहे. वेगवान आणि संथ पाण्यामधली शिवण, मोठ्या धोंड्याची मागची बाजू, काठाखाली कोरलेली पोकळी, या तीन जागा सोडू नका. एका जागी चार-पाच वेळा टाका आणि पुढे व्हा. ब्राउन ट्राउट लाजरा आहे, तो संधिप्रकाशात बाहेर येतो. रेनबो दुपारी वेगवान पाण्यातही मिळतो.

स्पिनर १/१६ ते १/८ औंस. मेप्स कंपनीचा शून्य किंवा एक क्रमांक, पँथर मार्टिन कंपनीचे छोटे, यापलीकडे संग्रह करायची गरज नाही. स्पिनर तंगूस पिळतो, म्हणून वर एक बारीक स्विव्हल ठेवा. काळा गॉगल पोलराइज्ड घ्या, पाण्यावरची चकाकी जाते आणि धोंडे दिसतात.

नियम नीट वाचा, सिएरात ते पाण्यागणिक बदलतात. बिशप क्रीक, कॉनव्हिक्ट लेक या बाजूचा मोसम एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी उघडतो आणि १५ नोव्हेंबरला संपतो. राज्यातल्या इतर बऱ्याच ओढ्यांत १ मार्चपासून मेमोरियल डेच्या (मेच्या शेवटच्या सोमवारच्या) आधीच्या शुक्रवारपर्यंत मासा ठेवता येत नाही, आणि उलटा काटा नसलेल्या गरीचे कृत्रिम आमिषच चालते. बिशपच्या वरचे सब्रीना आणि साउथ लेक पावणेतीन हजार मीटरच्या वर आहेत, मोसम उघडतो त्या दिवशी तिथे बर्फ असू शकते. बर्फ वितळून ओढे फुगलेले असताना पाण्यात उतरू नका. गुडघाभर वेगवान गार पाणी धडधाकट माणसाला पाडते. काठावरूनही मासा लागतो.

मिलपिटासहून : नवरा ट्राउट आणतो, पण चिखलाचा वास येतो. सुरमईसारखा मसाला लावला तर तुकडे पडतात.

वास निम्मा पाण्याचा, निम्मा हयगयीचा. मासा दोरीला अडकवून दुपारपर्यंत पाण्यात लोंबकळत ठेवत असतील तर आधी ते थांबवा. पकडल्याबरोबर डोक्यावर एक नेमका घाव, कल्ले कापून रक्त जाऊ द्यायचे आणि थेट बर्फात. माशाचे हालही त्यात कमी होतात. घरी पोट चिरल्यावर कण्याला चिकटलेली काळपट लाल रेघ अंगठ्याच्या नखाने पूर्ण खरवडून काढा, बरीचशी कडू चव तिथे असते. खवले अगदी बारीक असतात, काढायची गरज नाही. कातडी चिखलकट वाटली तर मिठाने चोळून धुवा.

आणि ट्राउटला सुरमई समजू नका, त्याचे मांस नाजूक आहे. तुकडे करू नका, अख्खा ठेवा. मीठ, हळद, कोकमाचे आगळ फक्त पंधरा मिनिटे. वरून तांदळाच्या पिठीत घोळवून तापल्या तव्यावर, मध्यम आचेवर, एकदाच उलटायचा. लाल तिखट थोडेच. कोणत्या तलावातला कोणता मासा किती खावा याचा सल्ला राज्याची पर्यावरणीय आरोग्य कचेरी देते. सोडलेला ट्राउट पाऱ्याच्या बाबतीत मोठ्या बासपेक्षा पुष्कळ बरा (बास हा मोठा शिकारी मासा), तरी गरोदर बाई आणि लहान मुले घरात असतील तर तो तक्ता पाहाच.

पुण्याहून : आपल्याकडे पानशेत, भंडारदऱ्यात ट्राउट मिळेल का? नाहीतर जवळ कुठे?

पानशेत, भंडारदऱ्यात नाही. ट्राउटला १० ते १६ अंशांचे पाणी मानवते आणि आपले तलाव उन्हाळ्यात त्याच्या कितीतरी वर जातात. मी तर हिमाचल गाठा असे सांगेन. तीर्थन खोऱ्यातल्या बंजार, गुशैनी या भागात ब्राउन ट्राउट आहे. इंग्रजांच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो हिमालयाच्या नद्यांत रुजवला गेला. परवाना राज्याच्या मत्स्य विभागाकडून घ्यायचा. नोव्हेंबरपासून फेब्रुवारी अखेरपर्यंत बंदी असते, कारण तेव्हा ट्राउट अंडी घालतो. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी गढूळ. म्हणून मार्च ते जून किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर धरा. वर सांगितलेली हलकी जोडीच न्या, पण तंगूस ६ पौंडी. तिथले प्रवाह दगडांतून धावतात, ४ पौंडी घासून तुटतो. गांडूळ नेऊ नका, स्पिनरच वापरा, आणि किती लांबीचा मासा ठेवता येतो ते परवाना घेतानाच विचारा.

जाण्याआधी सराव हवा असेल तर घराजवळच्या मैदानात गरी काढलेला स्पिनर आणि वीस पावलांवर एक बादली पुरते. मनगटाने फेका, खांद्याने नको.